विसरलेली काडी

मित्रांनो, खिडकीवरचा पडदा तुम्ही रोज पाहता. भिंतीवर टांगलेला पडदा कधी पाहिला आहे का? मागे खिडकी नाही, वारा नाही, ऊन नाही, नुसती रंगवलेली भिंत. तसा मी आहे. मी एक जुना चिकाचा पडदा. वेळूच्या बारीक काड्या दोऱ्यात विणून मला केलेलं आहे. पूर्वी दोरी ओढली की मी सरसर वर गुंडाळला जायचो आणि सोडली की खाली उलगडायचो. आता मला लाकडी चौकटीत बसवून चारी कडांना खिळे मारले आहेत. माझ्या डोक्यावर एक लहानसा दिवा आहे. पाहुणे आले की तो लावतात.

तक्रार करायला मी बोलत नाही. या घरातली एक गोष्ट देवाला माहीत आहे, आनंदीबाईंना माहीत आहे आणि मला माहीत आहे. देव बोलत नाही. आनंदीबाईंना बोलायची बंदी आहे. राहिलो मी.

माझा जन्म कसबा पेठेतला. एका अरुंद बोळात मच्छिंद्र बुरुडांचं दुकान होतं. अर्धं दुकान घरात आणि अर्धं रस्त्यावर. सुपं, टोपल्या, रोवळ्या बाहेर रचलेल्या असायच्या आणि आत एका आडव्या वाशावर पडदे विणायचं काम चालायचं. वेळू भिजवायचा, फोडायचा, त्याच्या काड्या सुरीनं तासून सारख्या करायच्या. वाशावरून दोरे सोडलेले असत आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला गुंडाळलेला दगड. एक काडी वाशावर ठेवायची, पुढचे दगड मागे टाकायचे, मागचे पुढे घ्यायचे. गाठ बसली की दुसरी काडी. टक टक, टक टक. मच्छिंद्रदादांचं लक्ष हातांकडे नसायचंच. तोंडानं गिऱ्हाइकाशी बोलणं आणि हातानं विणणं. तरी काडी चुकायची नाही.

एकदाच चुकली. ती माझ्यात.

मी निम्म्याच्या वर विणून झालो होतो. तेवढ्यात कुणीतरी बोळाच्या तोंडाशी येऊन ओरडलं, "मच्छिंद्र, अरे मुलगी झाली." दादांचे हात तसेच चालत राहिले, पण मन गेलं. त्यांनी दगड पुढे टाकले, मागे घेतले आणि वाशावर काडी ठेवायला विसरले. गाठीवर गाठ बसली. मग ते उठून दवाखान्याकडे धावले आणि संध्याकाळी येऊन पेढा तोंडात ठेवून पुढचं विणत बसले. एका काडीची जागा माझ्या अंगात रिकामी राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, करंगळीच्या नखाएवढी रुंद.

ती फट पहिल्यांदा दिसली रंगरावांना. रंगराव खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्याजवळच्या एका इमारतीत त्यांनी नुकतीच जागा घेतली होती. बैठकीच्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट आत. म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई पडदा न्यायला आले होते. मला दुकानासमोर धरून उलगडलं आणि रंगरावांनी चष्मा वर केला.

"अहो, आम्ही खिडकीला पडदा सांगितला होता. तुम्ही पडद्यालाच खिडकी लावलीत."

मच्छिंद्रदादांनी पाहिलं आणि ते ओशाळले. "साहेब, दोन दिवस द्या. उसवून पुन्हा विणतो. काय आहे, मुलगी झाली त्या दिवशी, तेव्हा हात चुकला बघा."

आनंदीबाईंनी फटीवरून बोट फिरवलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या दादा. मुलीच्या जन्माची खूण आहे. ती कशाला उसवता?"

"खूण त्यांच्या मुलीची आणि ऊन माझ्या डोळ्यांवर," रंगराव म्हणाले. पण मला त्यांनीच सायकलच्या दांडीला बांधून घरी नेलं.

मित्रांनो, माझी सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. त्या काळात आमच्या इमारतीत निम्म्या खिडक्यांना चिक होते. उन्हाळ्यात दुपारी मला पाणी मारायचं आणि वारा आत आला की खोलीभर ओल्या वेळूचा वास पसरायचा. दिवाळीच्या आधी आनंदीबाई मला उतरवायच्या, ओल्या फडक्यानं एकेक काडी पुसायच्या, गच्चीवर ऊन दाखवायच्या. रंगराव स्टुलावर चढून दोरी बदलायचे आणि दर वेळी म्हणायचे, "फट शाबूत आहे. काळजी नसावी."

माझ्यासमोरच्या भिंतीवर देवघर होतं. त्यात मुरलीधराची वीतभर पितळी मूर्ती. आनंदीबाई पहाटे उठायच्या, स्नान, सडा, रांगोळी, तुळशीला पाणी, मग देवापुढे बसायच्या. चातुर्मासात गोपद्मं काढायच्या. त्यांचा आवाज कधी खोलीबाहेर गेला नाही. देवाशीसुद्धा त्या हळू बोलत.

त्यांचा मुलगा शुभंकर पाच वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. ताप उतरेना. उजेड डोळ्यांना सोसत नव्हता म्हणून डॉक्टरांनी खोली अंधारी ठेवायला सांगितली. मला दिवसरात्र खाली सोडलेलं. अठरा दिवस पोरानं अन्नाला तोंड लावलं नाही. हाडांवर नुसती कातडी राहिली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी रंगराव औषध आणायला गेले होते. आनंदीबाई पोराच्या उशाशी बसल्या होत्या. सूर्य वर आला आणि माझ्या त्या फटीतून उन्हाची एक सरळ रेषा समोरच्या भिंतीवर पडली. सूर्य जसा चढतो तशी ती रेषा उतरते, हे मी रोज पाहत होतो. ती देवघराच्या कळसावर आली, मग मुरलीधराच्या मुकुटावर, मुखावर, बासरीवर, आणि उतरत उतरत चरणांवर येऊन टेकली. त्याच क्षणी अंथरुणातून आवाज आला.

"आई, भूक लागली."

आनंदीबाईंनी पोराला पेजेचे दोन चमचे भरवले. तो झोपला तेव्हा त्या देवापुढे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "देवा, याची भूक तू परत दिलीस. आता माझी भूक तुझ्या पायांशी ठेवते. ही रेषा तुझ्या चरणांवर आली की मगच अन्न घेईन. जन्मभर."

खोलीत झोपलेलं मूल होतं, आणि मी होतो.

हा वसा त्यांनी कुणाला सांगितला नाही. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं की वसा बोलून दाखवायचा नसतो. बोललं की त्याचं फळ जिथं पोचलं असेल तिथून परत येतं. आणि यांच्या वशाचं फळ म्हणजे शुभंकर. मग त्या बोलणार कशा?

आभाळ भरलेलं असलं की रेषा उमटायची नाही. त्या दिवशी आनंदीबाई सूर्य माथ्यावरून ढळेपर्यंत थांबत आणि फुलपात्रभर दूध घेत. अन्न दुसऱ्या दिवशी, रेषा आली तर. आषाढ-श्रावणात असे दिवस ओळीनं येत. त्या वाळत जात आणि आश्विनात पुन्हा भरत. घरात कुणाला नवल वाटलं नाही. चातुर्मासात बायका काही ना काही करतातच, असं रंगराव समजत. परगावी मुक्कामाला त्या कधी गेल्या नाहीत. माहेरी कार्य असलं तरी सकाळची रेषा पाहून, चार घास खाऊन निघायच्या आणि संध्याकाळची गाडी धरून स्वारगेटला उतरायच्या. नातेवाईक म्हणत, "आनंदीबाईंना घर सुटत नाही." त्या हसून म्हणत, "नाही सुटत खरं."

अशी पस्तीस वर्षं गेली.

या पस्तीस वर्षांत माझ्या जातीचे दिवस फिरले. आधी समोरच्या खिडक्यांना फुलाफुलांचे कापडी पडदे आले, आत जाळी आणि बाहेर झालर. मग सरकत्या काचा आल्या, मग पत्र्याच्या पट्ट्यांचे पडदे. चिक राहिले उसाच्या रसाच्या दुकानांना. शेजारच्या चंद्रभागाबाई एकदा दारातूनच म्हणाल्या, "आनंदीबाई, दोन ग्लास द्या, बर्फ कमी."

"बसा की. ऊस तुम्ही आणा," आनंदीबाई म्हणाल्या. पण त्या गेल्यावर त्यांनी उगीचच माझ्यावरून हात फिरवला.

रंगराव गेले. दोरी बदलणारं कुणी उरलं नाही. माझ्या कडेचं कापड विरलं, काड्यांच्या सांध्यात धूळ बसली. आनंदीबाईंचे गुडघे स्टुलावर चढू देईनात. त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, घरातली धूळ कमी करा.

शुभंकर तोपर्यंत चाळिशीचा झाला होता. त्याची बायको निशा संगणकावरचं काम घरी बसून करायची. माझ्या फटीतलं ऊन सकाळी तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावरून जायचं. दोघं आईला जपणारी. खोकल्याची उबळ आली की शुभंकर हातातलं काम टाकून पाणी घेऊन येई. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो. या गोष्टीत वाईट माणूस नाही. वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

यंदा गणपती झाल्यावर त्यांनी घर नव्यानं सजवायला काढलं. अस्मिता नावाची एक हुशार मुलगी ते काम करायची. तिनं खोलीच्या मध्ये उभं राहून भिंती मोजल्या.

"काकू, देवघर आपण किचनच्या पॅसेजमध्ये घेऊ. छान कोनाडा करू, काचेचं दार, आत लाइट. या वॉलला टीव्ही युनिट येईल. आणि खिडकीला ब्लॅकआउट रोलर, ऊन पूर्ण अडवणारा जाड पडदा. रिमोटवर चालतो, धूळ अजिबात धरत नाही."

आनंदीबाईंच्या हातात वातींचं तबक होतं. त्या म्हणाल्या, "देव नेता येतील. पण हा पडदा असू दे ना इथे."

"अगं आई," शुभंकर म्हणाला, "तुझ्या खोकल्यासाठीच तर काढतोय. किती धूळ आहे त्यात."

"मी पुसत जाईन."

"तू स्टुलावर चढणार? आणि पडलीस म्हणजे?"

आनंदीबाईंचे ओठ हलले. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य त्यांनी गिळलं. त्यांच्या लेखी ते उच्चारणं म्हणजे त्याचा श्वास परत मागणं होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी मला उतरवलं आणि मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी गुंडाळून उभं केलं. नव्या देवघरात मूर्ती बसली. निशानं मोठ्या हौसेनं बटण दाबलं. "आई, बघा. आता देवाच्या पायांवर कायम उजेड. रात्री बारालासुद्धा."

"छान आहे गं," आनंदीबाई म्हणाल्या.

तो उजेड कुठून येत नव्हता आणि कुठे जात नव्हता. तो चरणांवर उतरत नव्हता. त्या दिवशी दुपारी सूर्य ढळल्यावर आनंदीबाईंनी फुलपात्रभर दूध घेतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. आभाळ तर निरभ्र होतं. ऐन आश्विनातलं ऊन बाहेर पडलेलं होतं, आणि त्यांच्यासाठी श्रावण संपतच नव्हता.

गॅलरीतून मला जेवणाचं टेबल ऐकू यायचं. आधी निशा म्हणायची, "आई, नवरात्र संपलं, आता तरी जेवा." मग तिनं थालीपीठ करून पाहिलं, मग मऊ खिचडी, मग वरणफळं. एकदा ती आनंदीबाईंजवळ येऊन बसली.

"आई, खरं सांगा. माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाळा."

"मग माझ्या हातचं खात का नाही?"

"दूध तू देतेस तेच घेते की. भूक नाही बघ."

निशा रडवेली होऊन उठली. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, पोटाचे फोटो काढून झाले. कशात काही निघेना. वय झालं की भूक मंदावते, असं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. शुभंकरनं ती बाटली देवापुढे ठेवली, म्हणजे आई नाही म्हणणार नाही. आनंदीबाई दुधाबरोबर ते निमूट घेत. औषध अन्न नव्हे, एवढी मुभा त्यांनी मनाशी ठेवली असावी.

सकाळी घरातली उठायच्या आत त्या गॅलरीत यायच्या. माझी गुंडाळी थोडी उलगडून बोटांनी चाचपत जायच्या, फट सापडेपर्यंत. सापडली की बोट तिथं ठेवून डोळे मिटायच्या. गॅलरी पश्चिमेची. तिथं सकाळी ऊन येत नाही. त्या काही बोलायच्या नाहीत, मी तर बोलूच शकत नव्हतो. त्यांचं बोट दर आठवड्याला हलकं होत चाललं होतं. ते फक्त मला कळत होतं.

मित्रांनो, मार्गशीर्षात एक दिवस असा आला की मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

अस्मिता आपल्या कामाचे फोटो काढायला आली होती. हात धुवायला म्हणून मागे आली आणि मला पाहून थबकली. तिनं मला उभ्या उभ्या हातभर उलगडलं.

"निशा, हे काय आहे? हे तुम्ही टाकणार होतात?"

"अगं तो जुना चिक. सासऱ्यांच्या वेळचा."

"असं हातानं विणलेलं काड्यांचं काम, वुवन वुड, आता कुठे मिळतं? लोक नवीन घेतात आणि वर जुनाट दिसावं म्हणून पॉलिश मारून घेतात. हे तर खरंखुरं व्हिंटेज आहे. मला दे, मी रिस्टोअर करून आणते. धुऊन, तेल लावून. धूळबिळ काही राहणार नाही."

जो मी काल अडगळ होतो तो आज एकदम मौल्यवान झालो. माझ्यात काही बदल झाला नव्हता. बघणाऱ्यांचे डोळे तेवढे फिरले होते. शुभंकर धावतच आईच्या खोलीत गेला.

"आई, तुझा पडदा परत येतोय. तुला हवा होता ना?"

आनंदीबाई तेव्हा बहुतेक वेळ अंथरुणावरच असायच्या. त्या उठून बसल्या. "परत लावणार?"

"लावणार म्हणजे काय, बैठकीत लावणार."

मग भिंत धरत त्या मला पाहायला गॅलरीत आल्या. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मी तजेला पाहिला.

अस्मितानं मला गाडीत घालून नेलं, ते थेट कसबा पेठेत. तोच बोळ. दुकान आता रस्त्यावरून आत सरकलं होतं, निम्म्या जागेत मोबाइलची कव्हरं विकायला होती. उरलेल्या निम्म्यात तोच वासा आणि त्याखाली म्हातारे मच्छिंद्रदादा. त्यांनी मला मांडीवर घेतलं, कडेची गाठ पाहिली आणि हसले. "हा माझ्या हातचा. ही गाठ दुसरं कुणी मारत नाही."

मित्रांनो, ज्यानं आपल्याला घडवलं त्याच्या मांडीवर पुन्हा जायला मिळणं कुणाच्या नशिबी असतं? त्यांनी मला धुतलं, काडी न् काडी तेलानं पुसली, विरलेले दोरे बदलले. आणि मग त्यांचा हात फटीपाशी आला.

त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला. मग अस्मिताला म्हणाले, "ताई, ही माझी चूक. मुलगी झाली त्या दिवशी काडी घालायचा राहिलो. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. इतकी वर्षं माझी चूक त्या भल्या लोकांनी घरात टांगून ठेवली, पुन्हा एका शब्दानं बोलले नाहीत."

"भरता येईल का?"

"येईल म्हणजे? भरल्याशिवाय मी हा हातातून सोडणार नाही. याचे पैसे द्यायचे नाहीत."

मी ओरडलो असतो, पण वेळूला आवाज वाऱ्यानं येतो, आणि त्या बोळात वारा नव्हता. दादांनी एक नवी काडी तासली. चहाच्या पाण्यात घालून तिला माझ्या रंगाची केली. जपून गाठी सैल करून ती काडी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली, आणि गाठी आवळल्या. मग मला उजेडापुढे धरून पाहिलं. कुठूनही ऊन येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या घरच्या ताईंना सांगा," ते म्हणाले, "मच्छिंद्रची चूक फिटली."

मला घरी आणलं तो गुरुवार होता. आनंदीबाईंनी पहाटे उठून स्नान केलं होतं. दाराशी रांगोळी होती, ठिपके जरा वाकडे पडलेले. बैठकीत, जिथं पूर्वी देवघर होतं तिथं, टीव्हीच्या खाली त्यांनी पाट मांडला होता आणि पाटावर ताम्हणात मुरलीधर.

"आई, देव इथे कशाला आणलेत?" निशानं विचारलं.

"ऊन दाखवायला गं."

निशा क्षणभर त्या पाटाकडे पाहत राहिली. तिच्या मनात काहीतरी जुळू पाहत होतं, असं मला वाटलं. तेवढ्यात दारावर माणसं आली, मला आत घेतलं, आणि ते तसंच राहून गेलं.

त्या माणसांनी मला खिडकीकडे नेलंच नाही. सोफ्यामागच्या भिंतीला यंत्रानं भोकं पाडायला सुरुवात केली. आनंदीबाई पाटाशेजारी बसून पाहत होत्या. खिडकीवर तो जाड पडदा होता तसाच होता. मला चौकटीसकट भिंतीवर चढवलं, खिळे ठोकले, वरचा दिवा लावला. अस्मिता दोन पावलं मागे सरली. "बघा काकू. आता घराला कॅरेक्टर आलं."

आनंदीबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. माझ्याजवळ आल्या आणि सवयीनं बोट लावून चाचपू लागल्या. एक काडी, दुसरी, तिसरी. बोट फटीच्या जागी आलं आणि थांबलं. पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

"इथली एक काडी कमी होती," अस्मिता कौतुकानं म्हणाली, "ती भरून घेतली. कळतसुद्धा नाही ना? ज्यांनी बनवला होता त्याच आजोबांनी केलं. म्हणाले, ताईंना सांगा, चूक फिटली."

आनंदीबाईंचं बोट अजून त्या काडीवरच होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचं धाडस केलं नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि दोन्ही हात जोडले, मला की मच्छिंद्रदादांना, कोण जाणे.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "फार सुबक झालंय."

मग त्यांनी ताम्हण उचललं आणि मुरलीधराला काचेच्या दाराआड नेऊन ठेवलं.

आता पौष चालू आहे. आनंदीबाईंना उठवत नाही. एकटं वाटू नये म्हणून त्यांची खाट बैठकीत, माझ्यासमोर आणली आहे. पाहुणे त्यांना भेटायला येतात आणि मला पाहून जातात. चंद्रभागाबाई परवा आल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता रसवंती अगदी म्युझियममध्ये गेली हो." आनंदीबाई हसल्या. त्यांच्यात हसण्यापुरतीच ताकद राहिली आहे. चंद्रभागाबाई बाहेर गेल्यावर जिन्यात त्यांचा हुंदका मला ऐकू आला.

आज सकाळी शुभंकर कामावर गेला नाही. मऊ भाताची वाटी घेऊन तो खाटेवर बसला होता. त्यानं चमचा उचलला आणि परत वाटीत ठेवला.

"आई, एकदाच म्हण ना, भूक लागली म्हणून."

आनंदीबाईंनी चाळिशीच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू जेवलास का?"

"हो."

"पोटभर?"

"हो गं."

"मग झालं तर."

तो वाटी घेऊन उठला. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

मित्रांनो, माझी गोष्ट इतकीच. तुमच्या घरी कुणी जुनी वस्तू काढायला निघालं, किंवा तिचा दोष दुरुस्त करायला निघालं, तर आधी घरातल्या माणसांना विचारा, ही तुमच्या काय उपयोगाची आहे? "काही नाही" असं उत्तर आलं तर तिथंच सोडू नका. त्यांच्याजवळ बसा. सकाळी ते कुठे पाहतात ते पाहा. ज्यांना तोंडानं सांगता येत नाही त्यांची नजर सांगते. निशा अजून एक क्षण त्या पाटाकडे पाहत राहिली असती तर तिला कळलं असतं. हे मी तिला दोष द्यायला म्हणत नाही. तुमच्यासाठी म्हणतो आहे. आनंदीबाईंना आता याचा उपयोग नाही.

एक सांगायचं राहिलं. मच्छिंद्रदादांची ती नवी काडी ओलसर होती. थंडीच्या कोरड्या हवेत ती वाळते आहे आणि बारीक होते आहे. तिच्या आणि जुन्या काडीच्या मध्ये पुन्हा फट पडू लागली आहे, केसाएवढी. अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही. आनंदीबाईंच्या आली आहे. सकाळ झाली की त्या उशीवरून मान वळवतात आणि तिथंच पाहत राहतात.

पण माझ्या मागे भिंत आहे.